ओट्यामागची काळी भिंत

नव्या सदनिकेचा ताबा मिळाला, की घरात सर्वाधिक चर्चा होते ती स्वयंपाकघराची. अलीकडे या चर्चेत एक मुद्दा हमखास निघतो: ओट्यामागची भिंत काळी असावी काय? इंटीरियर डिझायनर तिला बॅकस्प्लॅश म्हणतो, टाइल्स बसवणारा मिस्त्री डॅडो म्हणतो. काळी भिंत, तिच्यासमोर पितळी नळ आणि सागवानी रंगाची कपाटे ही जुळणी छायाचित्रात देखणी दिसते यात शंका नाही. घरातील सुनेला ती मनापासून आवडते आणि सासूबाईंचा चेहरा उतरतो. पुष्कळदा मध्येच करडा रंग निवडून वाद मिटवला जातो. परंतु वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न तसाच राहतो.

ज्येष्ठांचा पहिला आक्षेप शुभाशुभाचा असतो. सहा लेश्यांमध्ये कृष्ण लेश्या सर्वांत हीन मानली जाते, हे लहानपणापासून कानावर पडलेले असते. पण लेश्या हा जीवाच्या परिणामांचा विषय आहे, टाइलच्या रंगाचा नव्हे. नवपदाच्या ओळीत साधुपदाचा वर्ण श्याम मानला जातो आणि त्या दिवशी अनेक घरांत उडदाचे आयंबिल होते. श्याम पाषाणातील पार्श्वनाथांच्या प्रतिमेपुढे हात जोडणाऱ्या समाजाने काळ्या रंगाला अशुभ ठरवण्याचे कारण नाही.

शिवाय महाराष्ट्रातील स्वयंपाकघराला काळा रंग नवा थोडाच आहे! आंध्रातील कडप्पा भागातून येणारा काळा दगड त्या गावाच्याच नावाने घरोघर ओट्यावर बसला. वाड्यांत आणि चाळींत पिढ्यानपिढ्या त्यावर पोळ्या लाटल्या गेल्या. मात्र तेव्हा ओटा काळा असे आणि मागची भिंत चुन्याची किंवा पांढऱ्या टाइल्सची. आज नेमके उलट होऊ पाहत आहे, आणि त्या उलटापालटीत एक लाभही दडलेला आहे.

तो समजण्यासाठी दुसऱ्या, अधिक गंभीर आक्षेपाकडे वळावे लागते. श्राविकेचे स्वयंपाकघर जयणेवर चालते. चूल पेटवण्यापूर्वी ती जागा पाहणे, पुंजणी फिरवणे, पाणी गाळणे, धान्य निवडणे, या सर्व क्रियांचा पाया एकच आहे: आधी दिसले पाहिजे. काळ्या भिंतीवर डाग दिसत नाहीत, अशी तिची जाहिरात केली जाते. जैन घरात हा गुण नसून दोष आहे. डाग लपवणारी भिंत मुंगीही लपवते.

तरीही काळ्या पृष्ठभागावर काहीच दिसत नाही, हेही खरे नाही. कणकेचे कण, पांढरी अळी, कोळ्याचे जाळे या गोष्टी पांढऱ्या टाइलवर नजरेतून सुटतात आणि काळ्यावर उठून दिसतात. काळी मुंगी, झुरळाचे पिल्लू, टाइल्सच्या सांध्यातली काळी बुरशी मात्र हरवून जाते. म्हणून जेथे अन्न हाताळले जाते ती आडवी जागा, म्हणजे ओटा, उजळ ठेवावा आणि उभी भिंत काळी करावी, ही वाटणी जुन्या कडप्पा-ओट्यापेक्षा जयणेला अधिक सोयीची आहे. उजळ ओट्यावर फिरणारा जीव ताबडतोब लक्षात येतो. ओटा आणि भिंत दोन्ही काळी करण्याचा मोह मात्र निश्चयाने टाळावा.

खरी परीक्षा सांध्यांची आहे. दहा फूट लांब ओट्यामागे दोन फूट उंचीची भिंत धरली, तर क्षेत्रफळ वीस चौरस फूट होते. त्यावर चार इंची चौरस टाइल्स बसवल्या तर त्या 180 लागतात आणि त्यांच्यामधील सांध्यांची एकूण लांबी 108 फूट भरते. त्याच भिंतीवर चार फूट बाय दोन फुटांचे मोठे तुकडे आडवे लावले, तर मध्ये केवळ दोन उभे सांधे येतात; लांबी अवघी चार फूट. सिमेंटचा साधा ग्राउट सच्छिद्र असतो. तो फोडणीचे तेल आणि पाण्याची ओल शोषून घेतो, चातुर्मासात त्या ओलीत बुरशी धरते, आणि ग्राउटही काळा असेल तर ती कळतच नाही. अनंतकाय म्हणून जी नील-फूग ताटात येऊ नये यासाठी एवढी दक्षता घेतली जाते, ती ताटापासून हातभर अंतरावर भिंतीत वाढत राहते. एपॉक्सी ग्राउट पाणी शोषत नाही. तो महाग असतो हे खरे, पण चार फुटांसाठी लागतो तरी किती? ज्यांना दुकानात पैशापैशाचा हिशेब कळतो त्यांनी हा हिशेब मिस्त्रीवर सोडू नये. सांध्यासाठी गडद राखाडी रंग घ्यावा. तो भिंतीच्या काळेपणाला बाधा आणत नाही आणि बुरशीचा ठिपका उघडा पाडतो.

ओटा आणि भिंत जेथे मिळतात तेथील फट सिलिकॉनने बंद करावी. स्विचबोर्डाभोवतीची पोकळी, नळाच्या कड्यामागचे छिद्र, कपाटाच्या पाठीमागे राहिलेली अर्ध्या इंचाची जागा ही झुरळांची वसतिस्थाने होत. ती राहू दिली, की सहा महिन्यांनी औषध फवारणाऱ्या माणसाला बोलवावे लागते, आणि त्यानंतर प्रतिक्रमणात कितीही क्षमा मागितली तरी गेलेले जीव परत येत नाहीत. जीवोत्पत्तीच टाळणे हा अहिंसेचा मार्ग आहे आणि त्याची वेळ काम चालू असतानाच असते.

उजेडाचा विचारही आपल्या दिनक्रमाप्रमाणे करावा लागतो. चौविहार पाळणाऱ्या घरातील संध्याकाळचा स्वयंपाक सूर्यास्तापूर्वी आटोपतो. म्हणजे हे स्वयंपाकघर मुख्यतः दिवसाच्या प्रकाशावर चालते. काळा रंग उजेड खातो. खिडकी ओट्याच्याच भिंतीत असेल, तर बाहेरच्या लख्ख प्रकाशाशेजारी काळी भिंत अधिकच अंधारी वाटते. उजेड बाजूने, उदाहरणार्थ ड्राय बाल्कनीच्या दारातून, येत असेल तर अडचण कमी. श्रावणातील ढगाळ दुपारी दिवे लागणारच. ते भिंतीवरच्या कपाटांच्या खालच्या बाजूस, पुढच्या कडेला बसवावेत, म्हणजे प्रकाश ओट्यावर पडतो. रंग 4000 केल्व्हिनच्या आसपासचा पांढरा असावा, कारण पिवळसर प्रकाशात डाळीतला किडका दाणा ओळखणे कठीण जाते. एलईडीच्या पट्टीवर दुधी आवरण हवे. नाहीतर चकचकीत काळ्या भिंतीत ठिपक्यांची रांग प्रतिबिंबित होऊन डोळे दिपतात.

साहित्याविषयी थोडक्यात. ग्रॅनाइट टिकाऊ आहे. कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड असल्याने लिंबू, चिंच किंवा ताक उडाले की त्यावर पांढुरके डाग कायमचे पडतात. चूलीमागे काच लावायची असेल तर ती टफन्डच असावी. अगदी चकचकीत पृष्ठभागावर बोअरवेलच्या पाण्याचे क्षार पांढरे उमटतात. खडबडीत मॅट पृष्ठभाग तेल धरून ठेवतो. या दोहोंच्या मधला, हात फिरवल्यास गुळगुळीत लागणारा सॅटिन पृष्ठभाग सोयीचा. पाणियाऱ्याजवळची भिंत मात्र उजळच ठेवणे बरे. तेथे ओल सतत असते, आणि गाळण्याचे वस्त्र वाळत घालण्यासाठी एक दांडी आधीच बसवून घेतली तर ते कपाटाच्या दारावर लोंबत राहत नाही. पुंजणीचा आकडाही याच वेळी ठरवावा.

जुन्या घरांत चुलीवर चंदरवा बांधलेला असे. वरून काही पडू नये म्हणून. आज त्या जागी चिमणी आली आहे. तिच्या नळीच्या बाहेरच्या तोंडाला आपोआप मिटणारी झडप आहे की नाही, हे डिझायनरला आवर्जून विचारावे.

टाइल पसंत करण्यापूर्वी दोन-तीन नमुने घरी आणून ढगाळ दिवशी सायंकाळी पाचच्या सुमारास, दिवे न लावता, ओट्यावर ठेवावेत. त्यांवर चिमूटभर मोहरी आणि चिमूटभर कणीक टाकावी. हातभर अंतरावरून दोन्ही स्पष्ट दिसली, तर ती टाइल खुशाल घ्यावी. मोहरी हरवली, तर त्याच रंगातली एक छटा फिकी टाइल मागवावी आणि पुन्हा पाहावे.