श्वास मोजणारीचा श्वास

पेण किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात सिस्टर पेशंटच्या मनगटावर बोटं ठेवते आणि घड्याळाकडे बघते. नाडी मोजून झाली तरी बोटं उचलत नाही. पेशंटला वाटतं, अजून नाडीच चाललीय. खरं तर आता ती त्याची छाती वरखाली होताना मोजत असते. नर्सिंगमध्ये हे मुद्दाम शिकवतात, कारण श्वास मोजतोय असं सांगितलं की पेशंटचा श्वास लगेच बदलतो.

केवढी नवलाची गोष्ट आहे ही! टीपीआरच्या, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाच्या तक्त्यावर तीन आकडे असतात. त्यातले ताप आणि नाडी आपल्या हुकमाने हलत नाहीत. श्वास मात्र झोपेतही आपोआप चालतो आणि मनात आलं तर लांबवताही येतो. शिवाय तो नाडीलाही आपल्यामागे ओढतो. श्वास घेताना ठोके किंचित वेगाने पडतात, सोडताना मंदावतात. कार्ल लुडविगने १८४७ मध्ये हे आलेखावर टिपलं. ठोक्यांचा हा लगाम असतो मेंदूतून हृदयाकडे उतरणाऱ्या व्हेगस नसेच्या हाती. म्हणूनच सावकाश सोडलेला श्वास धडधड कमी करतो.

अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी माइंडफुलनेसचा, म्हणजे श्वासावर आणि चालू क्षणावर लक्ष ठेवायला शिकवणारा वर्ग सुरू केला. त्याची मुळं बौद्ध ध्यानात आहेत आणि ती शोधायला रोहेकरांना लांब जायला नको. शेजारच्या तळा तालुक्यात कुड्याची बौद्ध लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या एका शिलालेखात दाता म्हणून सोमदेव नावाच्या वैद्याचं नाव कोरलंय, सोबत त्याच्या मुलामुलींचीही. भिक्खूंसाठी लेणं दिलं कोणी, तर एका वैद्याने! मला हे वाचून फार आनंद झाला.

परिचारिकांवरच्या बऱ्याच अभ्यासांत अशा सरावाने ताण हलका झालेला दिसतो, जरी त्यातले पुष्कळसे अभ्यास छोटे आहेत. पण रात्रपाळीला हायवेवरचा अपघात आलाय, तिकडून कोणीतरी ओरडतंय, ‘‘सिस्टर, सलाईन संपलं!’’ आणि वॉर्डात ती एकटीच आहे, तर तिथे आधी दुसरी सिस्टर हवी. माणसं कमी ठेवायची आणि वर तिलाच शांत राहायला शिकवायचं, हा अन्याय आहे.

आणि तिने सरावाला वेळ काढायचा तरी कुठून? एक वेळ मात्र तिच्या कामातच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने साबणाने हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. तेवढ्यात पाण्याचा गारवा जाणवू द्यायचा, बोटांच्या बेचक्यांत फिरणारा साबण जाणवू द्यायचा, एखाददुसरा श्वास लांब सोडायचा. मन पुढच्या खाटेकडे धावेल, धावू दे. लक्षात आलं की पुन्हा पाण्यावर आणायचं. पाळीत असे हात कितीदा धुतले जातात, हे तिलाच विचारा.