अर्नाळकरांच्या नावाचा खंजीर

दिवाळीच्या तोंडावर नेरूळ, वाशी, कोपरखैरण्याच्या सेक्टरांमधली रद्दीची दुकानं भरून वाहतात. माळे साफ होतात, ट्रंका उघडतात. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळी सोडून खाडीच्या या बाजूला राहायला आलेल्या कुटुंबांनी येताना जे जे बरोबर आणलं, त्यातलं बरंचसं आता काट्यावर चढतं. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात मधेच एक तळहाताहून जरा मोठं पुस्तक सापडतं. कागद चहाच्या रंगाचा झालेला, कव्हरवर रोखलेलं पिस्तूल आणि दचकून मागे पाहणारी बाई. आत वाचनालयाचा जांभळा शिक्का. शेवटच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखांची अशी दाटी की खाली दुसरी चिठ्ठी जोडावी लागलेली. पुस्तक कोणाकडेच दोन दिवसांहून जास्त राहिलेलं नाही. पहिल्या पानावर एका खोडकर वाचकाने पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलंय, दुसऱ्याने ते खोडलंय. शेवटची दोन पानं नाहीत.

असं पुस्तक हाती आलं, तर ते बाबूराव अर्नाळकरांचं असण्याची शक्यता बरीच.

चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचं खरं नाव. जन्म 1906चा, मृत्यू 1996चा. नव्वद वर्षांच्या या आयुष्यात त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. मुंबईत त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. लोकांना नीट दिसावं ही दिवसाची सोय, आणि रात्री त्याच लोकांना कंदील मोठा करून जागं ठेवण्याची. धनंजय आणि त्याचा छोटू, झुंजार, काळापहाड ही नावं दोन पिढ्यांच्या तोंडी होती. काळापहाड कायद्याच्या पलीकडे राहून न्याय करणारा, धनंजय डोकं चालवणारा, झुंजार बेधडक. गिरणीतून सुटून आलेला कामगार आणि दप्तर टाकून बसलेला शाळकरी मुलगा एकच पुस्तक एकाच ओढीने वाचत होते, हे मराठीत फार थोड्या लेखकांच्या वाट्याला आलं. अनेकांची वाचनाची सवयच झुंजारपासून लागली. पुढे ते कुठल्याही मोठ्या लेखकाकडे गेले असोत, रस्ता अर्नाळकरांच्या दारावरून गेला.

आता समुद्रापलीकडचा एक माणूस पाहू. जॉन क्रीझी, इंग्रज, अर्नाळकरांहून दोन वर्षांनी लहान. त्यानेही असाच अखंड लिहिण्याचा सपाटा लावला. अठ्ठावीस टोपणनावं, सहाशेवर पुस्तकं. त्याच्या नायकांत ‘द बॅरन’ नावाचा जवाहीरचोर आहे, आपल्या काळापहाडाशी ज्याचं गोत्र सहज जुळावं. पण क्रीझीने आणखी एक काम केलं. 1953 साली त्याने पुढाकार घेऊन ब्रिटनमध्ये गुन्हेकथा लिहिणाऱ्यांची संघटना उभी केली, क्राइम रायटर्स असोसिएशन. दोनच वर्षांत, 1955 साली, त्या संघटनेने वर्षातल्या उत्कृष्ट कादंबरीला पुरस्कार द्यायला सुरुवात केली. पहिला मान विन्स्टन ग्रॅहम यांच्या ‘द लिटल वॉल्स’ला मिळाला. 1960पासून हा पुरस्कार ‘गोल्ड डॅगर’, म्हणजे सोनेरी खंजीर, या नावाने ओळखला जाऊ लागला. 1973 साली क्रीझी वारला. त्याच वर्षापासून नवोदितांच्या पहिल्या पुस्तकासाठी त्याच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला. हजारावर पुस्तकं लिहिणाऱ्या आपल्या लेखकाच्या नावाचा असा मोठा, साऱ्या मराठी मुलखाला ठाऊक असलेला पुरस्कार आजही नाही.

सोनेरी खंजिराचा आणि मराठी नावाचा मात्र एक जुना संबंध आहे. 1964 साली हा खंजीर एच. आर. एफ. कीटिंग यांच्या ‘द परफेक्ट मर्डर’ला मिळाला. त्या कादंबरीचा नायक मुंबई पोलिसांच्या गुन्हे अन्वेषण खात्यातला, इन्स्पेक्टर गणेश घोटे. भिडस्त, वरिष्ठांच्या धाकाखाली वावरणारा, पण हातातलं काम न सोडणारा माणूस. कीटिंग यांनी तोवर मुंबई पाहिलीसुद्धा नव्हती. नकाशे, पुस्तकं आणि ऐकीव माहिती यांवर त्यांनी शहर उभं केलं, आणि प्रत्यक्ष मुंबईत पाऊल ठेवलं ते दहाएक वर्षांनी. पुढे 1988 साली या कादंबरीवर चित्रपट आला, घोटे झाले नसीरुद्दीन शाह. ज्या वर्षी लंडनने न पाहिलेल्या मुंबईतल्या एका इन्स्पेक्टरला खंजीर दिला, त्या वर्षी खऱ्या मुंबईत, त्या शहराच्या गल्ल्या पायाखालच्या असलेला लेखक आपली पुढची रहस्यकथा छापखान्यात पाठवत होता. त्याला विचारणारं कोणी नव्हतं, हे आजही खटकतं.

यामागची कारणं शोधायला गुप्तहेर नको. रहस्यकथा म्हणजे वेळ घालवण्याचं साधन, वाङ्मय नव्हे, अशी समीक्षेची धारणा होती. त्यात बरीच कथानकं इंग्रजीवर बेतलेली असत. हा आक्षेप खरा आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. पण नाटकात आणि विनोदातही आपण परकी बीजं घेतली, इथल्या मातीत रुजवली आणि त्यांना मानाने वाढवलं. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत विनोदासाठी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या नावाचा वेगळा पुरस्कार आहे. रहस्यकथेला मात्र कादंबरीच्या किंवा लघुकथेच्या रांगेत मागे उभं राहावं लागतं.

बंगालीतलं उदाहरण तर आपल्या अंगणातलंच. ब्योमकेश बक्षीचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय आधी सिनेमासाठी मुंबईत आले, मग पुण्यात स्थायिक झाले. ब्योमकेशच्या उत्तरार्धातल्या कितीतरी कथा पुण्यात लिहिल्या गेल्या. 1967 साली त्यांना रवींद्र पुरस्कार मिळाला, तो ‘तुंगभद्रार तीरे’ या ऐतिहासिक कादंबरीला. ज्या ब्योमकेशने त्यांचं नाव घराघरांत नेलं, तो तिथेही दाराबाहेरच राहिला.

पुरस्काराने लेखक मोठा होतो का, हा वाद होत राहील. पण पुरस्कारामुळे एक यादी तयार होते, आणि यादी टिकते. अमेरिकेत 1945 साली मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका ही संस्था स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एडगर ॲलन पो यांच्या नावाचे ‘एडगर’ सुरू झाले. पहिला एडगर ज्युलियस फास्ट यांच्या पहिल्या कादंबरीला मिळाला. या पुरस्काराची पद्धत मेहनतीची आहे. प्रकाशक वर्षभराची पुस्तकं पाठवतात, लेखकांच्याच समित्या ती वाचतात, पोंच्या जन्मदिवसाच्या सुमाराला, जानेवारीत, नामांकनं जाहीर होतात आणि वसंतात पोंचा छोटा अर्धपुतळा विजेत्याच्या हाती पडतो. याचा परिणाम असा, की आज कोणालाही 1954 सालची उत्तम कादंबरी कोणती मानली गेली ते एका क्षणात कळतं (शार्लट जे यांची ‘बीट नॉट द बोन्स’). मराठीत 1954 साली किती रहस्यकथा निघाल्या, त्यातली चांगली कोणती, हे सांगणारा एकही कागद हाताशी नाही.

जपानने तर याही पुढचं पाऊल टाकलं. एदोगावा राम्पो या लेखकाच्या नावाचा पुरस्कार 1955 साली सुरू झाला, आणि 1957पासून तो अप्रकाशित हस्तलिखितांना मिळू लागला. स्पर्धेला हस्तलिखित पाठवायचं, जिंकलं तर पुस्तक निघणार. 1985 साली मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीतल्या एका तरुण अभियंत्याने तो जिंकला, लगेच नोकरी सोडली आणि टोकियो गाठलं. त्याचं नाव केइगो हिगाशिनो. ‘जाने जां’ हा 2023चा हिंदी चित्रपट पाहिलेल्यांना त्याची करामत ठाऊक आहे, कारण तो त्याच्याच ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’वर आधारलेला आहे. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत, तळोज्याच्या कारखान्यांत असे मराठी अभियंते कमी नाहीत. रात्री दहानंतर लॅपटॉपवर कथा रचणाऱ्याला ती पाठवायला एक पत्ता हवा असतो.

मराठीत लिहिणाऱ्यांची ओळ तुटली कधीच नव्हती. गुरुनाथ नाईकांनी कॅप्टन दीप आणि उदयसिंह राठोड यांना घेऊन बाराशेच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. 2022 साली ते गेले. सुहास शिरवळकरांनी फिरोज इराणी, दारा बुलंद, बॅरिस्टर अमर विश्वास उभे केले, पण आज त्यांचं नाव निघतं ते मुख्यतः ‘दुनियादारी’मुळे. ‘धनंजय’ या दिवाळी अंकाने रहस्य, गूढ आणि विज्ञानकथेला दरवर्षी हक्काची पानं दिली. या एका अंकाचे उपकार मोजण्याजोगे नाहीत, कारण मान्यता देणारं दुसरं कोणी नसताना त्याने निदान जागा राखून ठेवली.

मुंबईच्या पार्श्वभूमीवरची गुन्हेकथा इंग्रजीत लिहिली की मात्र मान मिळतो. विक्रम चंद्रांच्या ‘सेक्रेड गेम्स’ला 2006 सालचा क्रॉसवर्ड पुरस्कार मिळाला, त्यातला गणेश गायतोंडे पक्का मराठी माणूस. सुजाता मॅसी यांच्या ‘द विडोज ऑफ मलबार हिल’मध्ये 1921ची मुंबई आणि तिथली पारशी महिला वकील आहे. त्या पुस्तकाला अमेरिकेत 2019 साली मेरी हिगिन्स क्लार्क पुरस्कार मिळाला. मुंबईतल्या गुन्ह्याची गोष्ट जगाला वाचायची आहे, हे यातून स्पष्ट दिसतं.

मराठी रहस्यकथेचा पुरस्कार नवी मुंबईतून का निघू नये? 1970 साली सिडकोने आखायला घेतलेलं हे शहर. 1992 साली खाडीपूल ओलांडून लोकल वाशीला आली आणि गिरगाव-परळकरांचा ओघ वाढला. जुन्या संस्थांचे मानपान इथे आड येत नाहीत. वाचक इथे आहेत, लिहिणारे इथे आहेत. गुन्हेकथेला लागणारं सगळं इथे पडलंय: खाडीकाठची कांदळवनं, रात्रभर ट्रकांची रांग लागणारा बाजार समितीचा परिसर, एकसारख्या दिसणाऱ्या इमारतींत चुकणारे पत्ते. वर्षातून एक पुरस्कार छापील पुस्तकाला, एक हस्तलिखिताला, आणि तिसरा जुन्या पुस्तकाच्या शोधाला.

या तिसऱ्या पुरस्काराचं काम तर उद्याच सुरू करता येईल. रद्दीच्या काट्यावरचं ते पिस्तूलवालं पुस्तक उचलायचं, शिक्क्यावरून वाचनालय ओळखायचं आणि डोंबिवली, दादर, अलिबागच्या ग्रंथपालांना फोन लावायचे. याच पुस्तकाची आणखी एखादी प्रत कुठल्या तरी कपाटात असेल, आणि कदाचित तिची शेवटची दोन पानं अजून शाबूत असतील.