खाणीचे पाणी, ओढ्याचा हिशेब

जबलपूरच्या ग्वारीघाटावर संध्याकाळच्या आरतीला उभा होतो. आसपासचे लोक श्रद्धेने नर्मदेचे पाणी ओंजळीत घेत होते. हे पाणी येते कुठून, असा प्रश्न मनात आला आणि मुक्कामी परतल्यावर मी नकाशा उघडला.

जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगीचा जलाशय आहे. त्याच्याही वर, मंडला येथे बंजर नदी नर्मदेला मिळते. ती कान्हाच्या अरण्यप्रदेशातून येते. तिच्या वरच्या खोऱ्यात, आपल्या गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची तांब्याची खाण आहे. हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीची ही खाण 1982 पासून देशाला तांबे पुरवीत आली आहे.

तांब्याचे हे खनिज गंधकयुक्त असते. शंभर टन खनिजातून जेमतेम टनभर तांबे मिळते. उरलेला गाळ आणि खणून काढलेला निरुपयोगी खडक यांचे ढीग बाहेर साचतात. त्यांतील पायराइटला हवा आणि पाणी लागले की गंधकाम्ल तयार होते. हे आम्ल खडकातले तांबे, लोह, मँगनीज विरघळवून उताराने वाहू लागते. खाण बंद झाली तरी ही क्रिया थांबत नाही. ती अनेक दशके चालू राहू शकते. मलाजखंडच्या अशाच विषारी निचऱ्याविषयीचा शोधनिबंध 2007 साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता.

मग कायदा काय करतो? 1974 चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा आहे, 1986 चे पर्यावरण संरक्षण नियम आहेत. या नियमांतील सर्वसाधारण मानकानुसार नदीनाल्यात सोडावयाच्या सांडपाण्यात लिटरमागे 3 मिलिग्रॅमपर्यंत तांबे चालते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यासाठी स्वीकारार्ह मर्यादा मात्र 0.05 मिलिग्रॅम आहे. म्हणजे साठपट अंतर! नदीच्या पाण्यात मिसळून सांडपाणी सौम्य होईल, हे त्यामागचे गृहीतक. श्रावणात ते खरेही ठरेल. पण वैशाखात ओढ्याची धार करंगळीएवढी होते, तेव्हा सांडपाणी मिसळायचे कशात? आणि माशांचे काय? मृदू पाण्यात मिलिग्रॅमच्या काही शतांशांइतके तांबेही त्यांच्या जिवावर उठते.

म्हणूनच माझे म्हणणे असे, की माप नळाच्या तोंडाशी घेऊन थांबू नये. ते ओढ्यात घ्यावे. खाणीच्या वर एक नमुना आणि खाली ठराविक अंतरांवर अनेक. पहिल्या पावसात, हिवाळ्यात आणि भर उन्हाळ्यात. पहिला पाऊस विशेष महत्त्वाचा, कारण ढिगाऱ्यांवर साठलेले क्षार तोच धुऊन आणतो. पाण्याबरोबर तळाचा गाळही तपासावा. पाणी निवळले तरी धातू गाळात बसून राहतात. शिवाय ओढ्यातले दगड उलटून पाहावेत. त्याखालचे किडे नाहीसे झाले असतील, तर ती साक्ष कोणत्याही अहवालाहून बोलकी आहे.

नुसत्या डोळ्यांवर मात्र विसंबू नये. मेघालयातील लुखा नदी हिवाळ्यात सुंदर निळी दिसू लागली. कोळसा खाणींच्या आम्लयुक्त निचऱ्याशी या निळाईचा संबंध जोडला गेला. नितळ पाणी निर्मळ असतेच असे नाही.

मलाजखंडचे तांबे जबलपूरकरांच्या पेल्यात उतरते, असा माझा दावा नाही. एवढ्या वाटेत पाणी सौम्य होते, धातू खाली बसतात. पण हा दिलासा शहराचा आहे. ओढ्याकाठी राहणाऱ्या गोंड आणि बैगा कुटुंबांना तो लागू नाही. त्यांची गुरे तेच पाणी पितात, मुले त्यातच डुंबतात. त्यांच्या आणि खाणीच्या मध्ये ना धरण आहे, ना जलशुद्धीकरण केंद्र.

जबलपुरात उच्च न्यायालय आहे, भारतीय खाण ब्यूरो आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची प्रादेशिक कार्यालयेही आहेत. तेव्हा मागणी अवघड नाही : खाणीवरच्या आणि खालच्या पाण्याचे आकडे दर ऋतूत गावाच्या चावडीवर, गावकऱ्यांच्या भाषेत लागावेत. तांबे देशाला हवे आहे, वीजतारांपासून मोटारींपर्यंत. त्याची किंमत ठरविताना ओढ्याचा हिशेबही मांडला पाहिजे. घाटावर नदीला आई म्हणणाऱ्यांनी तिच्या लेकी असलेल्या ओढ्यांचीही विचारपूस करावी, एवढेच.