चाकांचे संतुलन

मोटारगाडीचे चाक फिरत असताना त्यातील वस्तुमानाच्या विषम वाटणीमुळे उत्पन्न होणारे कंपन, योग्य जागी लहान वजने बसवून नाहीसे करण्याच्या क्रियेस चाकांचे संतुलन म्हणतात. टायर व रिम यांचे वस्तुमान आसाभोवती सर्वत्र सारखे वाटलेले क्वचितच असते. टायरच्या थरांचे सांधे, हवेची झडप यांमुळे एखादी बाजू काहीशी जड राहते.

जड बाजूमुळे निर्माण होणारी केंद्रोत्सारी प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आसापासून १८ सेंमी. अंतरावर ५० ग्रॅ. जादा वस्तुमान असल्यास २९ सेंमी. त्रिज्येच्या चाकात ताशी ६० किमी. वेगास ही प्रेरणा सु. ३ किग्रॅ. भाराइतकी, तर ताशी १२० किमी. वेगास सु. १२ किग्रॅ. भाराइतकी होते व सेकंदाला सु. १८ वेळा दिशा पालटते. छत्रपती संभाजीनगर शहरातील जालना रस्त्यावरच्या संथ रहदारीत लपून राहणारा दोष सावंगी किंवा माळीवाडा येथून समृद्धी महामार्गावर चढताच जाणवू लागतो, तो यामुळेच. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्प्यासह खुल्या होऊ लागलेल्या या महामार्गावर मोटारींना ताशी १२० किमी. वेगमर्यादा आहे. पुष्कळदा कंपन ताशी ८० ते ११० किमी. दरम्यान तीव्र होते व त्यापुढे कमी होते; त्या वेगास चाकाची कंप्रता निलंबनाच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळून अनुस्पंदन घडते.

जड जागा चाकाच्या मध्यप्रतलात असल्यास चाक उड्या मारते. यास स्थैतिक असंतुलन म्हणतात. आतील व बाहेरील कडांवर समोरासमोर जड जागा असल्यास चाक मोकळे सोडले असता कोठेही स्थिर राहते, पण फिरताना डोलते. हे गतिक असंतुलन पुढील चाकांत असल्यास सुकाणू चक्र थरथरते; मागील चाकांतील दोष बहुधा आसनांतून जाणवतो. संतुलन यंत्र चाक फिरवून दोन्ही कडांवर लावावयाचे वजन व त्याची जागा दाखविते. चाक यंत्राच्या दांड्यावर नेमके मध्यभागी बसले नाही, तर दाखविलेले आकडेच चुकतात. ही चूक कारखान्यांत वरचेवर होते.

पावसाळ्यात कच्च्या रस्त्याने गेल्यावर मराठवाड्यातील काळ्या मातीचा चिखल रिमच्या आतील बाजूस वाळतो व एकाएकी कंपन सुरू होते. तेथे वजने न लावता रिम धुणेच योग्य.

वाकलेले रिम, झिजलेले सांधे किंवा वाटोळेपणा गमावलेला टायर यांचे कंपन संतुलनाने जात नाही. यंत्रावर संतुलित ठरलेल्या टायरवर फुगवटा दिसल्यास आतील पोलादी पट्टे सुटू लागल्याची शक्यता असते. असा टायर मोठ्या वेगात फुटू शकतो. म्हणून तो ताबडतोब बदलावा. नवा टायर बसविल्यावर, तसेच पंक्चर काढण्यासाठी टायर रिमवरून उतरविला असल्यास संतुलन पुन्हा करावे लागते. वजने पूर्वी मुख्यतः शिशाची असत. आता विषारीपणामुळे अनेक देशांत जस्ताची किंवा पोलादाची वापरतात.