कोपराखाली धरलेले हात

मंगोलांच्या नववर्षाचं परदेशी माणसाने केलेलं सर्वांत प्रसिद्ध जुनं वर्णन मार्को पोलोचं आहे. तेराव्या शतकात कुबलाई खानाच्या दरबारी राहिलेल्या या व्हेनिसच्या व्यापाऱ्याने सांगून ठेवलं आहे, की त्या दिवशी खानासकट सगळे पांढरी वस्त्रं घालतात, एकमेकांना पांढऱ्या वस्तू देतात, आणि खानाकडे पांढऱ्या घोड्यांचा नजराणा येतो. दरबार कधीच गेला. पण त्सगान सार, म्हणजे 'पांढरा महिना', राहिला आणि घराघरांत वाढला. मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरमध्ये राहू लागल्यापासून मी हा सण बघते आहे. खरं तर बघत बसायला इथे कोणी देतच नाही. घरात पाऊल टाकल्याबरोबर तुमचं वय विचारतात आणि वयानुसार तुमची जागा ठरते. तुम्ही कुठल्या देशाचे, हा प्रश्न नंतरचा.

सण येतो तो जानेवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीच्या दरम्यान, चांद्र पंचांगाप्रमाणे, ऐन कडाक्याच्या थंडीत. पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंश असतो आणि त्याचा फायदाही होतो. 'बूज' म्हणजे खिम्याचं सारण भरून वाफवलेल्या पुरचुंड्या. त्या आधीचे कित्येक दिवस करायच्या आणि थेट गॅलरीत ठेवून गोठवायच्या. एकेका घरात शेकड्यांनी, मोठ्या घरात हजारांनी. पाती लाटणारे वेगळे, भरणारे वेगळे, चुण्या घालणारे वेगळे. पहिल्या वर्षी शेजारच्या आजींनी मला चुण्या घालायला बसवलं. करंजीला मुरड घालणारी बोटं तिथे कामी आली, आणि 'ही आमच्यातली' असं माझ्यावर शिक्कामोर्तब झालं.

वर्षाची शेवटची रात्र म्हणजे 'बितून'. देणी फेडून, घर झाडून, पोट तुडुंब भरेपर्यंत जेवायचं. दारावर बर्फाचे तीन तुकडे ठेवतात. बाल्दन ल्हाम ही रक्षक देवता रात्री खेचरावरून फिरते, तिच्या वाहनाला तहान लागली तर पाणी हवं म्हणून. चौरंगावर 'ऊल बोव' रचलेला असतो. लाकडी ठशाने नक्षी उठवलेल्या या लांबट तळलेल्या वड्यांचे थर विषमच हवेत. तीन, पाच, सात, जसा घरातल्या माणसाचा मान तसे. एक थर सुखाचा, पुढचा दुःखाचा. विषम संख्येमुळे सुरुवात सुखाने आणि शेवटही सुखाने. वर आरूल, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे तुकडे, आणि साखरेचे खडे.

सकाळी 'झोलगोख' सुरू होतं, आणि माझ्या मते सगळा सण या एका कृतीत आहे. लहानाने तळवे वर करून हात पुढे करायचे आणि मोठ्याच्या कोपरांखाली धरून आधार द्यायचा. हातांवर खादग, म्हणजे निळं रेशमी मानवस्त्र. मोठा माणूस गालाला नाक लावून हुंगतो. 'आमर बैन ऊ,' म्हणजे 'सुखरूप आहात ना?' घरातल्या सर्वांत वयोवृद्धापासून सुरुवात. नवरा-बायकोने मात्र एकमेकांशी हे करायचं नाही. पुरुष मंडळी तपकिरीची कुपी उजव्या हाताने देतात-घेतात. तपकीर नको असेल तरी कुपी नाकाशी नेऊनच परत द्यायची. मग खारा दुधाचा चहा, मेंढीच्या पाठीचं शिजवलेलं मांस, बूज, आणि निघताना यजमानाकडून भेट. भेट पाहुण्याला मिळते, हे मला फार आवडतं.

या आतिथ्याचं मूळ भूगोलात आहे. मंगोलियात महाराष्ट्राच्या सुमारे पाचपट जमीन, आणि माणसं पस्तीस लाखांच्या आसपास. त्यातली निम्मी राजधानीत. गवताळ माळावर दारात आलेल्याला आत न घेणं म्हणजे त्याला थंडीच्या हवाली करणं.

सण मोडण्याचे प्रयत्नही झाले. 1930 च्या दशकात साम्यवादी हुकूमशहा चोइबाल्सानच्या काळात मठ उद्ध्वस्त झाले, हजारो लामा मारले गेले. पुढे समाजवादी सरकारने त्सगान सारला धर्माचं नाव टाळून सहकारी पशुपालकांचा दिवस ठरवलं आणि तो ग्रामीण भागापुरता ठेवला. शहरात लोक दारं लावून बूज वाफवत राहिले. 1990 च्या लोकशाही क्रांतीनंतर सगळं उघडपणे परतलं. त्याच वर्षी लडाखचे कुशोक बकुला रिंपोछे भारताचे राजदूत म्हणून इथे आले आणि दहा वर्षं राहिले. बौद्ध परंपरा सावरण्यात त्यांचा वाटा मोठा, आणि भारतीय म्हटल्यावर ज्येष्ठ मंडळी आजही त्यांची आठवण काढतात.

उन्हाळ्यातला नादम जगाला जास्त ठाऊक आहे. 11 जुलैला सुरू होणाऱ्या या उत्सवाला 2010 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. कुस्ती, घोडदौड, तिरंदाजी. राष्ट्रीय कुस्तीत 512 मल्ल, नऊ फेऱ्या, वजनगट नाहीतच. हरलेला मल्ल जिंकणाऱ्याच्या हाताखालून जातो. पण राजधानीच्या स्टेडियममध्ये परदेशी माणूस तिकीट काढून बसलेला प्रेक्षकच राहतो. नादम बघायचा तो तालुक्याच्या गावी. तिथे दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत सर्वांत शेवटी आलेल्या शिंगराचंही कवन गाऊन कौतुक करतात, पुढच्या वर्षी पहिला येशील म्हणतात. मला तिथे हूशूर, म्हणजे खिमा भरलेल्या पुऱ्या, तळणाऱ्या बायकांबरोबर उभं केलं होतं. घोड्यावर मात्र लहान मुलं असतात आणि पडून जायबंदी होतात. हेल्मेट सक्तीचं झालं, वाद चालू आहे. परंपरेच्या नावाखाली हा धोका पत्करणं मला मान्य नाही, आणि हे मी इथल्या मित्रांपाशीही स्पष्ट बोलते.

त्सगान सारचा खर्चही असाच वादाचा झाला आहे. भेटी आणि मांस यांसाठी लोक कर्ज काढतात, मग वसंतापर्यंत हप्ते. अलीकडे काही कुटुंबांनी फक्त ज्येष्ठांच्याच घरी जायचं आणि भेटवस्तू बंद करायच्या, असं ठरवलं आहे. शेजारच्या आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, भेटी खुशाल बंद करा, पण माणसं यायला हवीत. माझे कोपर दुखतात, आधाराला हात लागतात.