विधी प्रवेशाची पूर्वतयारी : लेखांक ५
सीजीपीए आणि पंचेचाळीस टक्क्यांची अट

पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएल.बी. अभ्यासक्रमासाठी महाराष्ट्रातील गुणवत्ता यादी राज्य सीईटी कक्षाच्या प्रवेश परीक्षेतील गुणांवर लागते आणि पदवीचे गुण प्रामुख्याने पात्रतेपुरते पाहिले जातात. भारतीय विधिज्ञ परिषदेचे २००८ चे विधी शिक्षण नियम व त्यांतील दुरुस्ती यांनुसार खुल्या प्रवर्गाला किमान ४५, इतर मागासवर्गाला ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. त्यामुळे पदवीला भरघोस गुण असलेल्याला सीजीपीएची चिंता करण्याचे कारण नाही. प्रश्न उभा राहतो तो काठावरच्या उमेदवारापुढे.

नगर शहराच्या सावेडी भागातील बहुतेक विद्यार्थी शहरातील ज्या महाविद्यालयांत पदवी घेतात, ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असून तेथे श्रेयांक पद्धत रुळलेली आहे. श्रेयांक, म्हणजे बोलीतले ‘क्रेडिट’, हे विषयाला अभ्यासक्रमात दिलेले वजन होय. मिळालेल्या गुणांवरून श्रेणी ठरते आणि प्रत्येक श्रेणीला शून्य ते दहा यांपैकी एक श्रेणीबिंदू असतो. प्रत्येक विषयाचा श्रेणीबिंदू त्याच्या श्रेयांकांनी गुणावा, गुणाकारांची बेरीज करावी आणि तिला एकूण श्रेयांकांनी भागावे, म्हणजे एका सत्राची सरासरी, अर्थात एसजीपीए, मिळते. हीच रीत सर्व सत्रांना लावली की सीजीपीए निघतो. चार श्रेयांकांच्या विषयात ६ आणि दोन श्रेयांकांच्या विषयात ९ बिंदू असतील, तर सरासरी साडेसात नसून, २४ अधिक १८ भागिले ६, म्हणजे ७ येते.

खरी गफलत होते ती यापुढे, सीजीपीएला सरसकट दहाने गुणून टक्केवारी काढण्यात. राज्यातील अनेक विद्यापीठांच्या तक्त्यात ४० ते ४४ गुणांना ४, ४५ ते ४९ गुणांना ५ आणि ५५ ते ५९ गुणांना ७ बिंदू आहेत. सारख्या श्रेयांकांच्या निम्म्या विषयांत ४४ आणि निम्म्या विषयांत ४५ गुण मिळवणाऱ्याचा सीजीपीए ४.५ येतो, दहाने गुणल्यास तो नेमका ४५ टक्क्यांवर बसतो, पण त्याची खरी टक्केवारी ४४.५ असते. उलट सर्वच विषयांत ४४ मिळवणाऱ्याला हाच गुणाकार ४० वर आणून ठेवतो, तर सर्वत्र ५५ मिळवणाऱ्याच्या पदरात फुकटचे ७० टक्के टाकतो! श्रेणीच्या पट्ट्यात गुणांमधले बारीक अंतर हरवते आणि ते कोणत्याही सूत्राने पुरते परत मिळत नाही.

अमेरिकेत मात्र विधी प्रवेशासाठी पदवीच्या या सरासरीला फार मोल आहे. तेथे विधी प्रवेशाचे काम पाहणारी एलएसएसी ही संस्था अमेरिकी पदवीधरांच्या सर्व विषयांची सरासरी स्वतःच्या मापाने नव्याने काढते आणि त्या मापात ‘ए प्लस’ला ४.३३ बिंदू असतात. भारतीय पदवीधराच्या गुणपत्रकाला असा आकडा न देता ‘सरासरीपेक्षा वर’ यासारखा शेरा दिला जातो.

महाराष्ट्रातील प्रवेशासाठी मात्र, गुणपत्रकावर एकूण गुण छापलेले असतील, तर टक्केवारी त्यांवरूनच काढावी, आणि केवळ श्रेणी असेल तर विद्यापीठाचे अधिकृत रूपांतर सूत्र वापरून तसे प्रमाणपत्र कागदपत्रांच्या पडताळणीपूर्वी हाती ठेवावे. ४४.९९ चे ४५ करून अर्जात लिहिणे टाळावे, कारण पात्रतेच्या टक्केवारीत पूर्णांकन चालत नाही.