थंडावा गळतो कुठे?

वैशाख वद्य पंचमी ही आमच्या अण्णांची तिथी. दरवर्षी त्या दिवशी इंदूरहून उज्जैनला जायचे, क्षिप्रेच्या घाटावर श्राद्धविधी उरकायचा आणि दिवेलागणीला परतायचे, हा आमच्या घरचा परिपाठ. वाहन म्हणजे अण्णांनीच १९९१ साली घेतलेली मारुती. गतवर्षी मात्र सांवेरच्या अलीकडेच गाडीतला वारा उष्ण येऊ लागला, आणि ब्याऐंशी वर्षांच्या आमच्या आईला घेरी आली. रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली गाडी उभी करून तिच्या कपाळावर ओला पंचा ठेवला, तेव्हा एकच विचार मनाला डाचत होता : गॅस तर आदल्याच आठवड्यात भरून घेतला होता!

वाचकहो, जुनी गाडी बाळगणाऱ्या पुष्कळ घरांप्रमाणे आमचाही समज असा होता की, पेट्रोल जसे जळून संपते तसा हा गॅसही वापराने संपतो. त्यामुळे चैत्र लागला की गॅस भरायचा, हा जणू एक कुळाचारच होऊन बसला होता. तो समज घालवला एका वयोवृद्ध कारागिराने. त्यांचे म्हणणे सरळ होते : हा गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो, तो खर्ची पडत नाही, कमी झाला असेल तर कुठून तरी गळला आहे.

ही रचना समजून घेणे अवघड नाही. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅसला दाबतो, त्याने तो तापतो. मग रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये बाहेरच्या वाऱ्याने उष्णता टाकून तो द्रवरूप होतो. वाटेत ड्रायर त्यातला ओलावा टिपून घेतो. पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये शिरतो, तेथे दाब एकाएकी उतरल्याने त्याची पुन्हा वाफ होते, आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो आपल्या बैठकीच्या हवेतून ओढून घेतो. रांजणाचे पाणी गार होते त्यामागे हेच तत्त्व आहे.

मग गळती कुठे? कारागिराने प्रथम सांधे पाहिले. गॅसबरोबर थोडे तेलही फिरत असते. ते जेथून पाझरते तेथे धूळ चिकटून काळपट डाग पडतो. आमच्या गाडीत असे दोन डाग निघाले : एक कॉम्प्रेसरच्या दांड्याच्या सीलपाशी, दुसरा कंडेन्सरच्या सांध्यावर. नळ्यांत नायट्रोजन भरून साबणाचे पाणी लावताच दोन्ही ठिकाणी बुडबुडे दिसले. हिवाळ्याचे चार महिने यंत्र मुळीच चालवले नाही की सील कोरडे पडते, म्हणून थंडीतही पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटे ते चालवावे, ही त्यांची शिकवण.

दुसरा दोष अधिक खोल होता. त्या काळातल्या गाड्यांत आर-१२ हा गॅस असे. अशी संयुगे आकाशातल्या ओझोनच्या कवचाला घातक ठरतील, हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवले; १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला, १९९२ साली भारत त्यात सामील झाला, आणि विकसनशील देशांसाठी १ जानेवारी २०१० ही अखेरची मुदत ठरली. आर-१२ च्या जागी आर-१३४ए आला. परंतु जुन्या यंत्रातले खनिज तेल या नव्या गॅसमध्ये मिसळत नाही. ते कोपऱ्यात साचून राहते आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरतो. आमच्या गाडीत वर्षानुवर्षे जुन्या तेलावरच नवा गॅस ओतला जात होता!

तेव्हा काम मुळापासून करावे लागले. उरलेला गॅस हवेत न सोडता यंत्राने टाकीत ओढून घेतला. नळ्या धुऊन जुने तेल काढले, नव्या गॅसला मानवणारे एस्टर तेल घातले. सील, ओ-रिंगा आणि ड्रायर नवे बसवले. नळ्या उघडल्या की ड्रायर बदलायलाच हवा, कारण तो हवेतला ओलावा शोषून निकामी होतो. मग पाऊण तास व्हॅक्यूम पंप लावला. निर्वातात पाणी साध्या उष्णतेनेच उकळून निघून जाते. ते आत राहिले तर व्हॉल्व्हपाशी बर्फ धरते आणि गॅसशी संयोग होऊन आम्ल बनते. पंप बंद करून अर्धा तास काटा हलत नाही ना, ते पाहिले. शेवटी गॅस वजन करून भरला : आर-१२ च्या मूळ वजनाच्या सुमारे पंच्याऐंशी टक्के. हाताला गार लागेपर्यंत भरत राहणे, ही अडाण्याची रीत.

हे काम घरी करू नये. द्रवरूप गॅस डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते. स्वस्त पडतो म्हणून कोणी स्वयंपाकाचा गॅस भरू म्हणाला, तर त्याला हात जोडून निरोप द्यावा. तो ज्वालाग्राही आहे. आपल्या हाती आहे ते एवढेच : कंडेन्सरच्या पात्यांतली धूळ हलक्या धारेने धुणे, त्याचा पंखा फिरतो ना ते पाहणे, आणि ‘गॅस भरू का?’ असे विचारणाऱ्याला ‘आधी गळती दाखवा’ असे सांगणे. नवा गॅस ओझोनला इजा करीत नसला तरी त्याचा एक किलो हवेत गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो चौदाशे किलोंच्या आसपास कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. आपल्या गारव्याचे मोल नातवंडांच्या उन्हाळ्यात का मोजावे?

खर्च चार उन्हाळ्यांच्या गॅसभरणीइतका आला. यंदाच्या तिथीला त्याच कडुनिंबाखाली गाडी थांबली, ती चहासाठी. पुन्हा निघालो, तेव्हा आईने पदर गळ्याभोवती लपेटला आणि म्हणाली, “जरा कमी कर रे, गारठा वाजतोय.”